केळीच्या बागेत रात्री दिसलेला उजेड : परग्रहवासी अपहरणाचा फाउंड फुटेज भयपट पहिल्यांदा करताना

2022 सालचा गुढीपाडवा 2 एप्रिलला होता. गुढी उतरवून, ताटं आवरून आम्ही जळगावात गच्चीवर बसलो होतो. पावणेआठच्या सुमाराला आभाळात एक जळती रेघ उमटली आणि सावकाश सरकत गेली. उल्का इतकी सावकाश जात नाही हे माहीत होतं, म्हणूनच अंगावर काटा आला. चिनी रॉकेटचा उरलेला भाग वातावरणात शिरून जळत होता, हे नंतर कळलं. विदर्भापासून मध्य प्रदेशातल्या बडवानी-झाबुआपर्यंत लोकांनी तो पाहिला. चंद्रपूर जिल्ह्यात सिंदेवाही तालुक्यातल्या लाडबोरीला तर तीनेक मीटर व्यासाची धातूची रिंग येऊन पडली.

त्या रात्री ग्रुपवर आलेल्या क्लिपा मी अजून जपून ठेवल्या आहेत. त्यातल्या एका क्लिपमध्ये आभाळ जेमतेम चार सेकंद दिसतं. बाकी सगळा वेळ जिन्याच्या पायऱ्या, चपला, कुणाचा तरी खांदा आणि ‘माय, भायेर ये, लवकर ये’ अशी हाक. माय शेवटपर्यंत बाहेर येत नाही आणि क्लिप संपते. ती मी कितीदा पाहिली असेल याला गणती नाही. फाउंड फुटेज म्हणजे काय, असं कुणी नवखा विचारतो तेव्हा मी आधी हीच क्लिप दाखवतो. कुणीतरी काहीतरी टिपायला गेलं, टिपणारा सापडला नाही किंवा बदलून परत आला, आणि टिपलेलं मात्र आपल्या हाती लागलं, अशी बतावणी करून सांगितलेली गोष्ट म्हणजे फाउंड फुटेज. त्यात परग्रहवासी माणसाला उचलून नेतात ही कल्पना घातली की आपला विषय तयार.

असा चित्रपट करायला खानदेशाइतकी सोयीची जागा मला दुसरी माहीत नाही. का, ते पुढे येईलच.

आधी पाहा, पण वही घेऊन पाहा

चारच चित्रपट सांगतो. प्रत्येकात एकच गोष्ट शोधा.

पहिला ‘द मॅकफर्सन टेप’, 1989 चा, डीन अलिओटो यांचा. खर्च 6,500 डॉलर, चित्रण एका रात्रीत. घरात लहान मुलीचा वाढदिवस आहे, घरातलाच एक जण कॅमेरा घेऊन फिरतोय, लाइट जाते आणि बाहेर काहीतरी उतरलेलं दिसतं. यात केकभोवतीच्या गप्पा किती वेळ चालतात ते घड्याळ लावून मोजा. कंटाळा येईल. तो कंटाळा मुद्दाम ठेवलेला आहे, कारण घर ओळखीचं झाल्याशिवाय खिडकीबाहेरच्या अंधाराची भीती वाटत नाही. याच्या मूळ प्रती वितरकाच्या गोदामाला लागलेल्या आगीत गेल्या, श्रेयनामावली नसलेल्या प्रती हातोहात फिरल्या आणि कित्येकांनी ते खरं चित्रण समजून घेतलं. हे लक्षात ठेवा, शेवटी पुन्हा लागेल.

दुसरा ‘द ब्लेअर विच प्रोजेक्ट’ (1999). यात परग्रहवासी नाहीत, पण नटांकडून काम कसं काढावं याचा धडा आहे. चित्रण आठ दिवस चाललं, कॅमेरे नटांच्याच हातात होते. दिग्दर्शक जंगलात ठरल्या ठिकाणी डब्यात चिठ्ठ्या ठेवून जायचे. एकाची चिठ्ठी दुसऱ्याने वाचायची नाही. खाणंही दिवसेंदिवस कमी करत नेलं. पडद्यावरची चिडचिड त्यातून आली. खाणं कमी करणं आपल्याला नको. चिठ्ठीची युक्ती मात्र घ्या.

तिसरा ‘व्ही/एच/एस/2’ (2013) या संग्रहातला शेवटचा भाग, जेसन आयझनर यांचा. यात बराच वेळ कॅमेरा कुत्र्याच्या अंगावर बांधलेला आहे. मुलं ओरडतात, पळतात, आणि आपण गुडघाभर उंचीवरून ते सगळं पाहतो. चौथा ‘एलियन अ‍ॅबडक्शन’ (2014): नॉर्थ कॅरोलिनातल्या ब्राउन माउंटनच्या उजेडांच्या जुन्या दंतकथेवर रचलेला. स्वमग्न मुलगा जगाशी कॅमेऱ्यातूनच जोडलेला आहे, म्हणून तो कॅमेरा खाली ठेवत नाही. चित्रपट मला तितकासा आवडत नाही, पण कॅमेरा हातात राहण्याचं याहून पटणारं कारण मी क्वचित पाहिलं.

कॅमेरा का चालू आहे?

कथा सुचायच्या आधी याचं उत्तर वहीत लिहा. नवखी मंडळी एलियनपासून सुरुवात करतात: डोळे केवढे, बोटं किती, यान गोल की त्रिकोणी. मग ते सगळं दाखवायला कुणाच्या तरी हातात मोबाईल देतात. प्रेक्षक तिसऱ्या मिनिटाला विचारतो, ‘अरे, जीव जायची वेळ आली, फोन टाकून पळ ना!’ तो प्रश्न त्याच्या मनात आला की भीती संपली.

आपल्याकडे याची उत्तरं शेतातच पडलेली आहेत. शेतीची थ्री फेज लाइट आठवड्यातले काही दिवस रात्रीची असते. माणूस रात्री अकराला, एकला, तीनला उठून मोटर चालू करायला किंवा ड्रिपचे वॉल (व्हॉल्व्ह) फिरवायला जातो. एका हातात बॅटरी, दुसऱ्या हातात मोबाईल. बायकोने बजावलेलं असतं, बिबट्या फिरतोय, पोचेपर्यंत व्हिडिओ कॉल बंद करायचा नाही. बघा, कॅमेरा चालू राहण्याचं कारण मिळालं, ते प्रेमाचं आहे, आणि तो कॉल पलीकडच्या फोनवर रेकॉर्डही होऊ शकतो.

दुसरं उत्तर चोरीचं. मोटरची केबल चोरीला जाणं हे शेतकऱ्याच्या पाचवीला पुजलेलं. म्हणून आता कितीतरी शेतांत विहिरीपाशी सोलरवरचा सीसीटीव्ही असतो. तो कॅमेरा हलत नाही, घाबरत नाही, आणि काय दिसतंय याच्याशी त्याला देणंघेणं नसतं. रात्री 2 वाजून 10 मिनिटांनी चौकटीत एक माणूस उभा आहे. 2 वाजून 11 मिनिटांनी माणूस नाही, त्याची बॅटरी तेवढी जमिनीवर पेटलेली आहे. एवढं दाखवलं तरी पुरे. हातातला मोबाईल आणि विहिरीवरचा सीसीटीव्ही असे दोनच कॅमेरे घेतले तर दहा-बारा मिनिटांचा पहिला चित्रपट आरामात उभा राहतो. पहिल्या खेपेला त्याहून लांब करू नका.

हरवलेली वेळ आणि आपला चकवा

अपहरणाच्या या गोष्टींतली पहिली गाजलेली कथा 1961 ची आहे. बेटी आणि बार्नी हिल हे नवरा-बायको 19 सप्टेंबरच्या रात्री न्यू हॅम्पशरच्या डोंगरातून गाडीने घरी चालले होते. मागे एक उजेड लागला. घरी पोचले तेव्हा हिशेबापेक्षा दोनेक तास जास्त गेले होते. दोघांची घड्याळं बंद, बेटीचा झगा फाटलेला, बार्नीचे चांगले बूट वरून घासलेले. यान, परग्रहवासी, तपासणीचं टेबल हे सगळं नंतर, 1964 मध्ये डॉ. बेंजामिन सायमन यांच्याकडे संमोहनाखाली तपशिलाने बाहेर आलं. सायमन यांना स्वतःला ती घटना खरी वाटली नव्हती. असे अनुभव सांगणाऱ्या बऱ्याच जणांच्या बाबतीत अभ्यासक झोपेत अंग जखडण्याचं कारण देतात: जाग आलेली असते, हातपाय हलत नाहीत आणि खोलीत कुणीतरी आहे असं वाटतं. गावाकडे यालाच छातीवर कुणीतरी बसलं म्हणतात.

मला त्या गोष्टीतलं यान आठवत नाही, घासलेले बूट आठवतात. बूट वरून घासले जायचे तर माणूस पालथा असून ओढला गेला असला पाहिजे, हे ऐकणारा आपणहून ताडतो. कुणी सांगावं लागत नाही.

आता आपल्याकडे या. रात्री शेतातून घरी निघालेला माणूस, रोजची पायवाट, आणि चालून चालून तो पुन्हा त्याच बांधावर. पहाटे कोंबडा आरवला की कळतं, आपण रात्रभर एकाच शेताला फेऱ्या मारत होतो. चकवा लागला म्हणतात. आजोळी ही गोष्ट मी किमान पाच जणांच्या तोंडून ऐकली, प्रत्येकाने शपथेवर सांगितली, आणि एकानेही भुताचं रूप वर्णिलं नाही. हिल दांपत्याच्या गोष्टीत आहे तेच इथे आहे: काही तास माणसाच्या आयुष्यातून गळून पडले आणि त्यांचा हिशेब लागत नाही. म्हणून माझं सांगणं असं की अमेरिकेतली उडती बशी चोपडा तालुक्यात उतरवू नका. चकव्यापासून सुरू करा. गावातल्या म्हाताऱ्याला तो चकवा वाटू द्या, पोराला एलियन वाटू द्या, कॅमेऱ्याला दोन्हीपैकी काही ठरवू देऊ नका.

वेळ हरवली हे दाखवायचं कसं? घड्याळाचा क्लोजअप हा सोपा उपाय आहे आणि म्हणूनच फिका पडतो. आमच्या चित्रपटात आम्ही पाण्याचं घड्याळ केलं. पोरगा शेतात पोचतो, मोटर चालू करतो, दांड फोडून पाणी सरीत सोडतो. पाण्याचं तोंड कोरड्या ढेकळांतून वाट काढत, पुढे काडीकचरा ढकलत, वीतभर-वीतभर सरकतंय, हे बॅटरीच्या उजेडात आम्ही पूर्ण एक मिनिट दाखवलं. मग बागेच्या टोकाला उजेड दिसतो, तो चार पावलं पुढे जातो, चित्र क्षणभर फाटतं. पुढच्या क्षणी तो तिथेच उभा आहे, वाक्यही तेच पुरं करतोय. तो बॅटरी खाली करतो. घोट्यापर्यंत पाणी. सगळं वावर भरून बांधावरून पाणी पलीकडे चाललंय. ज्याने आयुष्यात एकदा तरी रात्री पाणी भरलंय त्याला लगेच कळतं की चार तास गेले.

जागा, माणसं आणि गावाची परवानगी

जागा निवडताना खानदेशात नुसती चंगळ आहे. चोपडा-यावल-रावेरच्या केळीच्या बागा. नोव्हेंबरातलं वेचणीला आलेलं कपाशीचं वावर, जिथे बॅटरी फिरवली की शेकडो पांढरी बोंडं एकदम डोळ्यांसारखी चमकतात आणि बॅटरी हलली की विझतात. साक्री तालुक्यातल्या पठारावर ब्राह्मणवेलकडच्या पवनचक्क्या, ज्यांचे लाल दिवे रात्री अधांतरी लुकलुकतात आणि पाती मात्र दिसत नाहीत. चाळीसगावजवळचं पाटणादेवी, जिथे भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांचे ग्रंथ शिकवायला मठ काढल्याचा शिलालेख सापडला. आठशे वर्षांपूर्वी ग्रहताऱ्यांचं गणित शिकवलं गेलं त्या डोंगरात आकाशाची गोष्ट रचायची कल्पना मला फार मोहवते. पण तो अभयारण्याचा भाग आहे, यावल अभयारण्यही तसंच. रात्री तिथे जायचं नाही. दिवसाचे प्रसंग परवानगीने करा, रात्र स्वतःच्या किंवा ओळखीच्या शेतात.

केळीची बाग मला सगळ्यांत जवळची. पाच-सहा फुटांवर खोडं, वर पानांचं छत, आणि खोडाला लोंबणारी वाळकी पानं, जी अंधारात हमखास पाठमोऱ्या माणसासारखी दिसतात. जुने कपडे घालून जा. केळीचा चीक कापडाला लागला की डाग जन्मात जात नाही. पायात गमबूट, काठी, आणि कितीही ओळखीची बाग असली तरी किमान चार जण बरोबर हवेत. साप आणि बिबट्या हे या पट्ट्यात गोष्टीतले प्राणी नव्हेत. विहिरीच्या काठाजवळ कॅमेऱ्यात बघत चालायचं नाही, हा नियम मोडणाऱ्याला आम्ही घरी पाठवतो.

शेतमालकाला विचारलं म्हणजे झालं असं समजू नका. आदल्या दिवशी सरपंचाला आणि पोलीस पाटलाला सांगा, शेजारच्या वावरवाल्यांना सांगा. रात्री बागेत अनोळखी उजेड फिरताना दिसला तर लोक चोर समजून काठ्या घेऊन येतात, आणि त्यांचं बरोबरच आहे.

नट गावातलेच घ्या. ज्याला स्टार्टर दाबायची सवय आहे त्याचा हात अंधारात न बघता बटणावर जातो. शहरातून आणलेल्या मुलाला ते शिकवून येत नाही.

बोली

अहिराणी बोलणाऱ्या घरात अहिराणीच बोलू द्या. माणूस दचकला की प्रमाण मराठीत दचकत नाही. ‘कोन शे रे तठे?’ या चार शब्दांत जी थरथर येते ती ‘कोण आहे तिकडे?’मध्ये येणार नाही. रावेर-यावलकडे लेवा गणबोली, शहाद्याकडे गुजरी, सातपुड्यात पावरी नि भिली. सगळं एका भांड्यात कालवू नका. गोष्ट ज्या गावची, त्या गावच्या माणसाकडून बोलणं तपासून घ्या. संवाद पाठ करून घेऊ नका. प्रत्येकाला चिठ्ठी द्या: ‘तुला घरी जायचंय, पण जिभाऊसमोर घाबरलास असं दिसता कामा नये.’ दुसऱ्याला: ‘तुला उजेड दिसलाय, पण आधी दुसऱ्या कुणीतरी बोलावं अशी तू वाट बघतोयस.’ या दोन चिठ्ठ्यांवर आमची सलग सात मिनिटं निघाली.

मोबाईल कसा लावायचा

हे थोडक्यात, कारण प्रत्येक फोन वेगळा. उभं चित्रण करा. खरा माणूस तसंच करतो. सीसीटीव्हीचा भाग तेवढा आडवा. पडद्यावर बोट दाबून धरलं की फोकस आणि उजेड कुलूपबंद होतो, ते करा, नाहीतर बॅटरी फिरली की चित्र आपोआप पांढरं-काळं होत राहतं. एखाद्या प्रसंगात तसं होणंच हवं असेल तर मोकळं सोडा. आपल्याकडची वीज 50 हर्ट्झची, म्हणून विहिरीवरच्या एलईडी बल्बखाली चित्रात पट्टे सरकताना दिसतात. शटर 1/50 किंवा 1/100 ठेवलं की ते जातात. चित्र स्थिर करणारी सोय बंद करा. आणि मुद्दाम हलवू नका. थकलेला हात आपोआप हलतो, अभिनय करणारा हात चक्कर आणतो.

उजेड दाखवा, पाहुणा लपवा

पहिल्या खेपेला आम्ही राखाडी अंगरखा शिवून घेतला, चेहऱ्याला मुखवटा केला, आणि आमच्यातला सर्वांत बारीक मुलगा त्यात उभा केला. बॅटरीचा उजेड पडला आणि खांद्यावरची शिवण दिसली. दोन रात्रींचं चित्रण आम्ही टाकून दिलं. तेव्हापासून माझं मत पक्कं झालं आहे: मोठ्या काळ्या डोळ्यांचा तो चेहरा प्रेक्षकाने इतक्या ठिकाणी पाहिलाय की तो दिसला की त्याला हायसं वाटतं.

त्याऐवजी असं करा. प्रखर एलईडी फोकस लांब बांबूच्या टोकाला बांधा. दोन जणांनी तो बागेच्या पलीकडे, खोडांच्या चार ओळी सोडून, पानांच्या वर धरायचा आणि संथ चालायचं. इकडून कॅमेरा फक्त जमिनीवर. पानांच्या फाटलेल्या झालरींच्या सावल्या आधी डावीकडून उजवीकडे सरकतात, मग थांबतात, मग सगळ्या एकदम तुमच्याकडे लांबत येतात. उजेड कुठून येतोय ते दाखवू नका. बांबू धरणाऱ्याचे पाय वाजले तर चालतील, पण त्याने थांबावं तेव्हा श्वाससुद्धा थांबवावा. थंडीत तापीकाठच्या शेतात पहाटे धुकं धरतं, त्या वेळी हाच उजेड खांबासारखा उभा राहतो. धुराचं यंत्र लागत नाही.

आणि पाहुणा? एकाला गडद कपड्यांत, पाठमोरं, वाळक्या पानांच्या लोंब्यांमध्ये उभं करा. हलायचं नाही. कॅमेऱ्याने त्याच्यावरून जायचं, पण थांबायचं नाही. पात्रांपैकी कुणी त्याच्याबद्दल एक शब्द बोलायचा नाही. थोड्या वेळाने कॅमेरा त्याच ओळीवरून परत जातो तेव्हा तो तिथे नसतो. निम्म्या लोकांना पहिल्यांदा तो दिसतच नाही. ज्यांना दिसतो ते शेजारच्याचा हात धरतात.

ड्रोन वापरायचा मोह होईल. 2021 चे ड्रोन नियम वाचून, आपला भाग कुठल्या क्षेत्रात येतो ते तपासून मगच विचार करा. माझ्या मते तरी नकोच. वरून बाग दाखवली की ती बाग कुणाच्या नजरेतून दिसतेय, हा प्रश्न पुन्हा उभा राहतो.

आवाज

इथे रेंगाळा, कारण निम्मी भीती कानातून येते. रात्री शेतात सतत मोटरीची घरघर असते, रातकिडे असतात, डीपीची म्हणजे विजेच्या ट्रान्सफॉर्मरची गुणगुण असते. माणसाला ते ऐकू येईनासं होतं. म्हणून पहिली आठ मिनिटं हे आवाज भरभरून ठेवा आणि मग मोटर एकदम बंद पडू द्या. पाठोपाठ रातकिडे. ती शांतता कुठल्याही वाद्याने करता येत नाही. पार्श्वसंगीत अजिबात नको; सापडलेल्या फोनमध्ये ते आलं कुठून?

परग्रहवासीयांचा आवाज म्हणून आम्ही पाइपलाइनवरचा एअर वॉल वापरला. मोटर बंद झाली की पाइपात हवा ओढली जाते आणि ‘फुस्स’ असा लांब, जिवंत प्राण्याने श्वास घ्यावा तसा आवाज येतो. दुसरा फोन त्याच्यापाशी ठेवून रेकॉर्ड केला आणि बागेच्या मधोमध, जिथे पाइप नाहीच, तिथे लावला. शेतकऱ्याला तो आवाज ओळखीचा, पण जागा चुकीची. तो ताठ बसतो.

जोडणी

मोबाईलवर फुकट मिळणारं कुठलंही साधं ॲप चालेल. जिथे पात्राने कॅमेरा बंद केला असता तिथेच कापा. एका प्रसंगाचे दोन कोन जोडलेत की कुणीतरी तिसरा माणूस बसून जोडणी करतोय हे दिसतं. दोन कॅमेरे असतील तर कोपऱ्यातली वेळ जुळवून घ्या, आणि ठरवून एकाच ठिकाणी जुळू देऊ नका. आमच्या सीसीटीव्हीत पोरगा 1.40 ला गायब होतो, त्याच्या फोनमधलं चित्रण मात्र 1.52 पर्यंत चालू आहे. त्या बारा मिनिटांत फोन कुणाच्या हातात होता, ते आम्ही सांगितलं नाही.

दाखवताना: हा भाग वगळू नका

‘खऱ्या घटनेवर आधारित’ अशी पाटी लावायची या प्रकाराला जुनी खोड आहे. 2009 च्या ‘द फोर्थ काइंड’ने अलास्कातल्या नोम गावात माणसं परग्रहवासीयांनी नेली असं भासवलं आणि जाहिरातीसाठी खोट्या बातम्या इंटरनेटवर पेरल्या. नोममधून खरीखुरी माणसं बेपत्ता झालेली होती, त्यांची घरं तिथेच होती. पुढे चित्रपट कंपनीला अलास्काच्या प्रेस क्लबला 20,000 डॉलर द्यावे लागले.

आपल्याकडे याची किंमत डॉलरमध्ये मोजलेली नाही. 1 जुलै 2018 ला साक्री तालुक्यातल्या राईनपाड्यात नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना जमावाने मारून टाकलं. मुलं पळवणारी टोळी आली आहे अशी अफवा मोबाईलवरून पसरत होती, एवढंच निमित्त. ते पोटासाठी भिक्षा मागत फिरणारे लोक होते. ज्या मुलखात हे घडलं त्याच मुलखात आपण माणूस उचलून नेण्याचं ‘खरं वाटणारं’ चित्रण करतो आहोत.

आम्हालाही हे वेळीच उमगलं नव्हतं. आमच्यातल्या एकाने चाळीस सेकंदांचा तुकडा कौतुकाने मित्रांच्या ग्रुपवर टाकला. दोन दिवसांनी तो दुसऱ्या तालुक्यातून परत आला, एका गावाचं नाव चिकटवून आणि ‘सावध राहा’ असं लिहून. त्या गावात पोरं रात्री गस्त घालायला लागली होती. आम्ही बांबू, फोकस, सगळं सामान घेऊन तिथे गेलो, पारावर बसून तो प्रसंग परत करून दाखवला, हात जोडले. गस्त थांबली. रस्त्याने जाणारा एखादा परका माणूस त्या दोन रात्रींत गस्तीच्या हाती लागला असता तर, हा विचार अजून झोप उडवतो.

तेव्हापासून आम्ही पाळतो ते असं. ‘काल्पनिक लघुपट’ ही अक्षरं सुरुवातीच्या पाटीवर तर असतातच, शिवाय प्रत्येक चौकटीच्या कोपऱ्यात पूर्ण वेळ असतात, कारण लोक तुकडा कापून पुढे पाठवतात. भीती थोडी कमी होते, होऊ द्यावी. खऱ्या गावाचं नाव घ्यायचं नाही. गाडीचा नंबर, दुकानाची पाटी दिसू द्यायची नाही. लहान मूल पळवलं जातंय असा प्रसंग करायचा नाही, कितीही परिणामकारक वाटला तरी. आणि कच्चं चित्रण कुणाच्याही फोनवर पाठवायचं नाही.

पहिला खेळ जिथे चित्रण केलं त्या गावात करा. आम्ही खळ्यात दोन बल्ल्यांना पांढरी चादर बांधली, प्रोजेक्टर भाड्याने आणला. पुढे पोरं, मागे बाजांवर म्हातारी मंडळी. बारा मिनिटं संपली, दिवा लागला, पोरं बांबूच्या उजेडाबद्दल ओरडून बोलायला लागली. ज्यांच्या शेतात सगळं केलं ते नाना मात्र गप्प होते. चित्रपटात पोरगा गायब झाल्यावर मोटर बंद पडते, आणि सीसीटीव्हीत स्टार्टरच्या पेटीचं दार उघडं दिसतं, एवढंच आम्ही दाखवलं होतं. चहा झाल्यावर नानांनी मला बाजूला घेतलं आणि हळूच विचारलं, ‘पन भाऊ, मोटर कोनी बंद करी?’